स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसाठी कुटुंबोपचार

स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसाठी कुटुंबोपचार म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलाबरोबरच त्याचे आईवडील, भावंडे, आजीआजोबा आणि घरातील इतर माणसे यांना एकत्र विचारात घेऊन केले जाणारे मानसशास्त्रीय साहाय्य होय. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या विकासातील जन्मजात भिन्नता आहे. ती कुटुंबामुळे निर्माण होत नाही आणि कुटुंबोपचाराने नाहीशीही होत नाही. मूल समजून घेण्याची घराची क्षमता वाढावी, काळजीचा भार एकाच व्यक्तीच्या डोक्यावर राहू नये आणि निदानानंतर विस्कटलेले परस्परसंबंध पुन्हा जुळावेत, एवढेच या पद्धतीचे उद्दिष्ट असते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा परिचय महाराष्ट्राच्या, विशेषतः विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात करून दिला आहे.

संज्ञा

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला. त्यांना त्यातून छिन्नमनस्कतेचे एक लक्षण सांगायचे होते. लहान मुलांशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. मराठीत 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. 'आत्ममग्नता' असाही प्रयोग आढळतो.

शब्द सुटसुटीत असला तरी त्याने एक गैरसमज पोसला आहे. मराठीत 'मग्न' म्हटले की ध्यानमग्न, कार्यमग्न, आनंदमग्न असे शब्द आठवतात. मग्न होणारा माणूस आपल्या इच्छेने व सुखाने मग्न होतो. त्यामुळे स्वमग्न मूल लोकांकडे मुद्दाम पाठ फिरवते, त्याला कोणी नकोच असते, अशी समजूत ऐकणाऱ्याच्या मनात नकळत तयार होते. प्रत्यक्षात अशा अनेक मुलांना माणसांची ओढ असते. मात्र नजर, हावभाव, बोलण्यातील सूचकता आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांचा मारा त्यांच्या मेंदूत वेगळ्या रीतीने उलगडतो. कुटुंबोपचारातील पहिल्या बैठकीचा बराच वेळ पुष्कळदा या एका शब्दाची उकल करण्यातच जातो, आणि तो वाया गेला असे म्हणता येत नाही.

आईला दोष देणारा कालखंड

कुटुंबोपचार आणि स्वमग्नता यांचे नाते सुरुवातीला कटू होते. ते का, हे समजल्याशिवाय आजच्या पद्धतीतील काही काटेकोर नियमांचा अर्थ लागत नाही.

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले. ही मुले जन्मतःच वेगळी असावीत, असे कॅनर यांनी नोंदवले होते. परंतु त्याच निबंधात त्यांनी पालकांच्या बुद्धिप्रधान व अलिप्त स्वभावाचाही उल्लेख केला आणि पुढील दोन दशके तोच उल्लेख अधिक गाजला. आईच्या थंडपणामुळे मूल स्वतःत मिटून जाते, असा सिद्धान्त तयार झाला आणि अशा मातांना 'शीतकपाट माता' म्हणण्यापर्यंत मजल गेली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधील पुस्तकाने हे मत सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवले. त्या काळात काही ठिकाणी उपचार म्हणून मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवण्यात येई.

या मताला पहिला मोठा छेद पालकांनीच दिला. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली स्वमग्नतेची कारणे जैविक असल्याचे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. इंग्लंडमध्ये लॉर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ, ज्या स्वतः स्वमग्न मुलीच्या आई होत्या, १९६२ साली इतर पालकांसह राष्ट्रीय संघटना उभारण्यात सहभागी झाल्या. १९६९ मध्ये अमेरिकेतील पालकांच्या संमेलनात स्वतः कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त ठरवले. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांच्या जुळ्या भावंडांवरील अभ्यासाने आनुवंशिकतेचा भक्कम पुरावा पुढे आणला आणि हा वाद शास्त्रीय पातळीवर बहुतांशी मिटला.

घरोघरी तो मिटला असे मात्र नाही. 'आई मोबाइल हातात देते म्हणून', 'आई नोकरी करते म्हणून', 'गरोदरपणात ग्रहण पाळले नाही म्हणून' ही विधाने त्याच जुन्या सिद्धान्ताची देशी रूपे होत. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड यांनी गोवराच्या लशीशी स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा निबंध प्रसिद्ध केला होता. 'लान्सेट' या नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. तरीही लस टोचून आणल्याबद्दल स्वतःला अपराधी मानणाऱ्या माता आजही आढळतात.

दुसऱ्या बाजूने, कुटुंबोपचार ही विद्याशाखादेखील निर्दोष नव्हती. ती वाढली ती १९५० च्या दशकात, छिन्नमनस्क रुग्णांच्या घरातील संभाषणात रोगाचे मूळ शोधण्याच्या प्रयत्नातून. ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५६ मधील निबंध याच प्रयत्नाचा भाग होता. त्यामुळे 'सगळ्या घराला बोलवा' असे तज्ज्ञाने म्हटले की 'म्हणजे दोष आमच्यात आहे' असा अर्थ पालक काढत, आजही काढतात. म्हणूनच घरात कोणाचा दोष आहे हे शोधण्यासाठी बैठक नसून, ज्याचा दोष कोणाचाच नाही असे ओझे कसे वाटून घ्यायचे यासाठी ती आहे, हे आजचा उपचारक आरंभीच स्पष्ट करतो.

तत्त्वे

कुटुंब ही एक व्यवस्था आहे, हे कुटुंबोपचाराचे मूळ गृहीतक आहे. घरातील एकाचे वागणे बदलले की इतरांचेही बदलते. म्हणून एखादी अडचण एकाच व्यक्तीच्या आत न शोधता ती माणसामाणसांच्या मध्ये कशी उभी आहे, हे पाहिले जाते.

या विचाराच्या अनेक शाखा आहेत. साल्व्हादोर मिनुचिन यांच्या संरचनात्मक पद्धतीत घरातील सीमारेषांना महत्त्व आहे: निर्णय कोण घेते, कोण कोणाच्या बाजूने उभे राहते, कोण वगळले जाते. स्वमग्न मूल असलेल्या घरात आई आणि मूल यांची एक घट्ट जोडी तयार होऊन वडील हळूहळू परिघावर जातात, हे चित्र या पद्धतीने नेमके टिपता येते. मरे बोवेन यांच्या पद्धतीत तीन पिढ्यांचा आलेख काढतात. त्यावरून कोणत्या नात्यात ताण आहे आणि आधार कोठून मिळू शकतो ते दिसते. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनात्मक पद्धतीत अडचणीला व्यक्तीपासून वेगळे करून तिच्याविषयी बोलतात. 'हट्टी मुलगा' असे न म्हणता 'आवाजाची भीती घरात केव्हा शिरते' असे विचारले, की मूल आणि पालक एका बाजूला येतात आणि भीती दुसऱ्या बाजूला राहते. मुंबईत २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी स्थापन केलेल्या 'उम्मीद' या बालविकास केंद्राने या कथनात्मक विचाराचा आपल्या कामात उपयोग केला आहे.

भारतीय मनोविकारशास्त्रात कुटुंबाला सोबत घेण्याची परंपरा पाश्चात्त्य ग्रंथ येथे येण्यापूर्वीची आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. वेल्लोर आणि बंगळुरू येथील संस्थांनी पुढे हाच विचार वाढवला. दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ यांनी स्थापन केलेल्या 'ॲक्शन फॉर ऑटिझम' या संस्थेने पालक आणि मूल यांना एकत्र प्रशिक्षण देण्यावर भर दिला.

बैठकीचे स्वरूप

साधारणपणे बैठक तासाभराची असते आणि ती दोनतीन आठवड्यांच्या अंतराने होते. प्रत्येक वेळी सर्वांनी यावेच असे नसते. कधी फक्त आईवडील येतात, कधी भावंड, कधी केवळ आजी.

पद्धतीची कल्पना यावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. मेहकर तालुक्यातील एका गावात पाच वर्षांचा मुलगा आहे. तो बोलत नाही, डब्याची झाकणे फिरवत बसतो, दूध-भाकरीच्या काल्याशिवाय काही खात नाही आणि कुकरची शिट्टी वाजली की कान झाकून किंचाळतो. आजी म्हणते, 'याचा बापही चौथ्या वर्षीच बोलला होता.' वडील कापूस वेचणीच्या हंगामात दवाखान्यात येऊ शकत नाहीत. आईने लग्नकार्याला जाणे सोडले आहे. आठ वर्षांची बहीण शाळेतून आली की मुकाट्याने भावाजवळ बसते.

अशा घराशी बोलताना उपचारक सरळ सल्ला देत नाही. तो एकाविषयीचा प्रश्न दुसऱ्याला विचारतो. 'आई थकली की घरात ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येते?' असा प्रश्न बहिणीला विचारला आणि तिने 'माझ्या' असे उत्तर दिले, तर त्या एका शब्दाने वडिलांना जे कळते ते उपदेशाने कळले नसते. आजीला तो म्हणतो, 'आजी, तुमचा मुलगा उशिरा बोलला तेव्हा तुम्ही काय काय केलंत ते सांगा.' आजीचे वाक्य सुनेला निदानाची थट्टा वाटत होते. या प्रश्नामुळे ते आजीचा अनुभव म्हणून पुढे येते. आजीचा आत्मसन्मान राखला गेला की ती सहसा विरोधक राहत नाही.

त्यानंतर लहान बदल ठरतात. कुकर लावण्यापूर्वी मुलाला चित्र दाखवून अंगणात न्यायचे काम आजीकडे येते. संध्याकाळची अर्धी घटका वडिलांची. बहिणीला रोज थोडा वेळ आई एकटी मिळावी, हेही ठरते. यांपैकी काही फसते. वडिलांसोबत मोटारसायकलवर गेलेला मुलगा बाजारातील गोंगाटाने बिथरतो आणि आठवडाभर बाहेर पडत नाही. पुढच्या बैठकीत या फसलेल्या प्रसंगावरच सर्वाधिक बोलणे होते, कारण मुलाला नेमके काय असह्य होते हे त्या दिवशी वडिलांना पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेले असते.

आईने दोन वर्षांनी माहेरच्या लग्नाला जाऊन येणे ही अशा उपचारातील फलश्रुती मानली जाते. मुलाच्या चाचणीतील गुणांत ती कोठेच दिसत नाही.

पालकांमार्फत उपचार: गोव्यातील प्रयोग

कुटुंबोपचाराला लागून असलेली, पण त्याहून वेगळी अशी दुसरी पद्धत म्हणजे पालकांमार्फत केला जाणारा उपचार. कुटुंबोपचारात नातेसंबंधांवर लक्ष असते. येथे पालकाला मुलाशी संवाद साधण्याचे विशिष्ट कौशल्य शिकवले जाते. मराठी-कोकणी प्रदेशातील या बाबतीतला महत्त्वाचा प्रयोग गोव्यात झाला.

गोव्यातील 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. तिने ब्रिटनमधील एक पद्धत दक्षिण आशियातील घरांना अनुरूप अशी बदलून घेतली आणि गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी अशा दोन ठिकाणी तिची चाचणी घेतली. २ ते ९ वयोगटातील ६५ मुलांचा त्यात समावेश होता. सहा महिन्यांत १२ बैठका झाल्या. या बैठका डॉक्टरांनी वा मानसशास्त्रज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या बिगरतज्ज्ञ कार्यकर्त्यांनी घेतल्या.

रीत अशी: आई किंवा वडील मुलाशी काही मिनिटे खेळतात आणि त्याचे चित्रीकरण होते. मग कार्यकर्ता व पालक ते चित्रीकरण एकत्र पाहतात. पालकाच्या चुका दाखवणे हा त्यामागचा हेतू नसतो. मुलाने क्षणभर नजर वळवली, खेळणे पुढे सरकवले, काही आवाज काढला, आणि पालकाने त्याला साजेसा प्रतिसाद दिला, असे क्षण निवडून दाखवले जातात. आपल्या मुलाने संवादाचा प्रयत्न केला होता आणि तो आपल्या नजरेतून सुटला होता, हे पाहताना पालकांना दुःख होते तसाच धीरही येतो.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळणारा झाला आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. मात्र पालक व मूल यांनी एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याच्या कालावधीत वाढ दिसली नाही. उलट तो कमी झाल्याचे आढळले. प्रयोग लहान होता. तरीही तज्ज्ञ नसलेल्या गावात प्रशिक्षित कार्यकर्ता हे काम करू शकतो, ही गोष्ट त्यातून पुढे आली आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने विकासात मागे पडलेल्या मुलांच्या पालकांसाठी कौशल्य प्रशिक्षणाचा कार्यक्रम तयार केला आहे. त्यात ९ गटबैठका आणि ३ गृहभेटी असतात आणि तोही बिगरतज्ज्ञ प्रशिक्षकांनी चालवावा अशी योजना आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील स्थिती

अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यांपैकी बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात आणि शेती, विशेषतः कापूस व सोयाबीन, हा त्यांच्या उपजीविकेचा आधार आहे. स्वमग्नतेचे जगातील प्रमाण दर शंभर मुलांमागे सुमारे एक असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. उत्तर गोव्यासह भारतातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ ते ९ वयोगटातील सुमारे आठांपैकी एका मुलात मेंदूच्या विकासाशी संबंधित कोणती ना कोणती अडचण आढळली. म्हणजे प्रश्न मोठ्या शहरांपुरता नाही. शहरात तो मोजला जातो आणि खेड्यात पुष्कळदा 'मुका', 'वेडसर' किंवा 'लाडाने बिघडलेला' या नावांखाली दडून राहतो.

शासकीय पातळीवर अशा मुलापर्यंत पोहोचण्याचा पहिला मार्ग अंगणवाडीतून जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमातील फिरती पथके अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात. तपासल्या जाणाऱ्या बाबींत विकासातील विलंब आणि स्वमग्नतेशी संबंधित वर्तनही आहे. संशय आल्यास मुलाला जिल्हास्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे.

अंतर हा येथील खरा अडसर आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील कुटुंबाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर पूर्णेचे खोरे ओलांडून घाट चढावा लागतो. गर्दी आणि गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला एसटीच्या गाडीतून नेणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि दोघे पालक आले की दोघांची मजुरी बुडते. यामुळेच दवाखान्यात सहसा एकटी आई दिसते. वडिलांना रस नाही असा अर्थ त्यावरून काढणे अन्यायाचे ठरेल. अधिक उपचारांसाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर वा नागपूर गाठावे लागे. बुलढाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले आहे.

शेगाव येथील श्री गजानन महाराज संस्थानातर्फे बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी विद्यालय चालवले जाते. मात्र बौद्धिक दिव्यांगता आणि स्वमग्नता या दोन भिन्न बाबी आहेत; त्या एकाच मुलात असू शकतात, तशाच नसूही शकतात. हा फरक कुटुंबाला उलगडून सांगणे हेदेखील समुपदेशकाचे काम ठरते.

कुटुंबोपचारक हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून अद्याप महानगरांबाहेर रुजलेला नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, मानसोपचार समाजकार्यकर्ते आणि विशेष शिक्षक हेच आपापल्या परीने हे काम करतात. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. थकलेल्या पालकाला निदान बोलायला कोणीतरी मिळावे, इतपत तिचा उपयोग होतो. पूर्ण कुटुंबोपचाराची जागा ती घेऊ शकत नाही.

श्रद्धा आणि उपचार

बुलढाणा जिल्ह्याचा विचार सैलानीचा उल्लेख केल्याशिवाय पुरा होत नाही. पिंपळगाव सराईजवळ असलेल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनोविकार असलेल्या किंवा 'बाहेरची बाधा' झाली असे मानलेल्या माणसांना घेऊन सर्व धर्मांची कुटुंबे दूरदुरून येतात. होळीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. न बोलणारी, एकटक पाहणारी, अचानक ओरडणारी मुलेही अशा स्थानांवर आणली जातात.

नवख्या तज्ज्ञाची येथे हमखास चूक होते: तो कुटुंबाला अडाणी ठरवून मोकळा होतो. त्यानंतर ते कुटुंब पुन्हा येत नाही. जाणता उपचारक उलट विचारतो की यात्रेला सोबत कोण होते, किती दिवस मुक्काम केला, मूल गर्दीत कसे राहिले, परतल्यावर घरात कोणाला बरे वाटले. या उत्तरांतून घरातील आधाराचा नकाशा तयार होतो. मुलासाठी पदरमोड करून जाणारा मामा किंवा नवस बोललेली आत्या ही पुढील उपचारातील भरवशाची माणसे ठरतात. नवस फेडण्यास हरकत घेण्याचे कारण नसते.

सीमा मात्र स्पष्ट आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, अशा कृत्यांना महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार शिक्षा आहे. दुसरी फसवणूक आधुनिक वेशात येते. मूलपेशींच्या इंजेक्शनांनी स्वमग्नता बरी होते अशा जाहिरातींना भुलून शेत गहाण टाकणारी कुटुंबेही असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकार वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त उपचार ठरत नाही. अंगारा लावणाऱ्याने घेतलेले शंभर रुपये आणि पांढऱ्या डगल्यातील माणसाने घेतलेले लाखो रुपये यांत कुटुंबाचे अधिक नुकसान कशाने होते, हे वेगळे सांगायला नको.

परिणामकारकता आणि आक्षेप

स्वमग्नतेच्या संदर्भात कुटुंबोपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा अपुरा आहे. २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेने या विषयावर पद्धतशीर आढावा घेतला असता, तिच्या निकषांवर उतरेल असा एकही नियंत्रित अभ्यास मिळाला नाही. पुरावा नसणे म्हणजे पद्धत निरुपयोगी ठरणे नव्हे. परंतु 'सिद्ध झालेला उपचार' असा तिचा गवगवा करणेही योग्य नाही. पालकांमार्फत होणाऱ्या उपचारांविषयी त्याच संस्थेच्या २०१३ मधील आढाव्यात १७ अभ्यास होते आणि पालक-मूल संवादात काही सुधारणा दिसली होती.

दुसरा आक्षेप स्वमग्न व्यक्तींनीच घेतला आहे. अमेरिकेतील जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने १९९३ साली पालकांना उद्देशून केलेल्या प्रतिपादनाचा आशय असा होता की पालक ज्या मुलाचा शोक करतात ते त्यांच्या कल्पनेतील मूल असते. समोर असलेले मूल जिवंत आहे आणि त्याला त्यांची गरज आहे. कुटुंबोपचारात पालकांच्या दुःखाला वाट करून देताना ते मूल त्याच खोलीत बसलेले असते आणि न बोलणारे मूल ऐकत नसते असे नाही. या टीकेनंतर अनेक उपचारक अशा बैठका मुलाच्या अनुपस्थितीत घेतात.

कायदा, योजना आणि पालकांनंतरचा प्रश्न

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांतही ती आहे. प्रमाणपत्रासाठी ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. तीत ७० पेक्षा कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे मानले जाते. ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.

प्रमाणपत्र काढावे की नाही, यावरून घरात होणारे वाद हा बैठकींतील नेहमीचा विषय आहे. कागदावर 'दिव्यांग' शब्द आला की बहिणीच्या लग्नाला अडचण येईल, अशी भीती आजोबांना वाटते. आईला मात्र त्याच कागदामुळे शाळेत बोलायला आधार मिळेल असे वाटत असते. दोन्ही बाजूंच्या मुळाशी मुलांची काळजीच असते आणि ती एकमेकांसमोर बोलली गेली की निर्णय सोपा होतो.

'आमच्यानंतर याचे कोण?' हा प्रश्न बहुतेक पालक पहिल्या बैठकीत विचारत नाहीत. तो पाचव्या-सहाव्या बैठकीत, निघता निघता, दारात उभे राहून विचारला जातो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. बहुतेक घरांत हे नाव भावाचे किंवा बहिणीचे असेल असे सर्वांनी मनात धरलेले असते, पण त्या भावंडाला ते कोणी विचारलेले नसते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी एक बैठक केवळ भावंडांसाठी ठेवली जाते. तीत त्यांना होकार देण्याची, काही अटी घालण्याची किंवा नकार देण्याची मोकळीक असते आणि नकार आल्यास मामा, काका, चुलत भावंडे किंवा नोंदणीकृत संस्था यांचा विचार आईवडील हयात असतानाच करता येतो.